आत्याच्या ट्रंकेतली उरलेली लोकर आणि तान्ह्या बाळाचे कपडे

गोदाकाठ (४ नोव्हेंबर, रात्री ९.४०)

नमस्कार. गेल्या वैशाखात आमच्या आत्याचे निधन झाले. नाशिकजवळच्या एका शाळेत तिने तीसेक वर्षे शिकवले आणि त्याहून अधिक वर्षे ती विणत होती. तिची पत्र्याची ट्रंक भावंडांनी माझ्याकडे दिली, कारण घरात सुया धरता येणारी आता मीच उरले आहे. ट्रंकेत कपडा एकही नव्हता, केवळ उरलेले गुंडे होते. स्वयंपाकघरातल्या काट्यावर सगळे मिळून ७८० ग्रॅम भरले. सर्वांत मोठा गुंडा मळकट पांढऱ्या रंगाचा, १४० ग्रॅमचा. सर्वांत लहान अक्रोडाएवढा. मोरपंखी गुंडा माझ्या पाचवीतल्या स्वेटरचा आहे, हे मी पाहताक्षणी ओळखले. तपकिरी गुंडा काकांच्या बिनबाह्यांच्या स्वेटरचा. खाकीकडे झुकणारा हिरवा गुंडा मात्र फार जुना आहे. १९६२ साली चीनशी युद्ध झाले, तेव्हा जवानांसाठी मफलर विणायला मुलींना जी लोकर वाटली होती, त्यातला तो उरलेला, असे आत्या सांगत असे.

माझ्या भाचीला पौषात बाळ होणार आहे. तिचे सासर निफाडकडे आहे, त्यामुळे थंडी कशी असते ते वेगळे सांगायला नको. या लोकरीतून बाळंतविड्यासाठी टोपडे, पायमोजे आणि जमल्यास एक स्वेटर विणावा असे मनात आहे. अडचणी तीन आहेत. सगळ्या लोकरीला डांबरगोळ्यांचा उग्र वास येतो. कोणता गुंडा खऱ्या लोकरीचा आणि कोणता कृत्रिम धाग्याचा, हे मला कळत नाही, कारण दोन-तीन गुंड्यांखेरीज कशावरही कागदी पट्टी उरलेली नाही. आणि तळाशी पांढऱ्या लोकरीचीच स्वेटरची एक अर्धवट विणलेली पाठ, सुयांसकट, जुन्या उशीच्या अभ्र्यात गुंडाळून ठेवलेली सापडली. तिच्यावर ६२ टाके आहेत आणि मुंढ्याच्या, म्हणजे बाही जोडायच्या जागेच्या, थोडे खाली काम थांबलेले आहे. ही पाठ पुढे विणावी, की उसवून लोकर मोकळी करावी?

ग्वाल्हेरकर (५ नोव्हेंबर, सकाळी ७.१५)

तिसऱ्या प्रश्नाला मी नंतर येतो, कारण त्यावर मतभेद होणार हे उघड आहे. आधी लोकर ओळखण्याचे पाहू. आमच्या ग्वाल्हेरच्या वाड्यात थंडीचे चार महिने ओसरीवर सुयांचा आवाज थांबत नसे आणि मी मुलगा असूनही आईने मला टाके घालायला शिकवले होते, त्यामुळे अधिकाराने लिहितो.

प्रत्येक गुंड्यातला बोटभर धागा कापून चिमट्यात धरावा आणि बशीवर जाळून पाहावा. खरी लोकर आळसावून जळते, ज्योत दूर केली की बहुधा आपोआप विझते, तिला जळक्या केसांचा वास येतो आणि मागे उरलेली काळी राख बोटाने चुरडली जाते. ॲक्रिलिक वितळत वितळत भडकते, त्याच्या धुराला रसायनाचा वास असतो आणि टोकाला कडक गोळी उरते, जी चुरडत नाही. सुती धागा कागदासारखा जळतो. मिश्र धागा दोन्ही लक्षणे दाखवतो. तो कृत्रिम समजूनच वापरावा. ज्याला आपल्या घरांत सरसकट ‘कॅशमिलॉन’ म्हणत, तेही ॲक्रिलिकच. नावावरून त्यात पश्मिना असावी असा समज माझ्या आईचा शेवटपर्यंत होता.

ज्या गुंड्यांवर पट्टी आहे तिच्यावर वुलमार्कचे, म्हणजे तीन पेडांच्या गोल गुंड्यासारखे दिसणारे चिन्ह आहे का ते पाहावे. ते चिन्ह १९६४ साली अस्तित्वात आले, त्यामुळे ते असेल तर लोकर त्यानंतरची आहे आणि शुद्ध आहे, या दोन्ही गोष्टी एकदम कळतात.

जाडीसाठी मोजपट्टीवर धागा न ताणता एकाला एक चिकटून गुंडाळावा. एका इंचात चौदा-पंधरा फेरे बसले तर धागा चार पदरी, म्हणजे बाळाच्या कपड्याला योग्य. अकरा-बारा बसले तर तो डबल निटिंग, म्हणजे त्याहून जाड. या दोन जाड्या एकाच कपड्यात शेजारीशेजारी वापरल्या, तर जाड पट्टा फुगतो आणि बारीक पट्टा आत ओढला जातो.

रात्रपाळी (५ नोव्हेंबर, दुपारी २.०५)

मी नवजात शिशूंच्या विभागात बरीच वर्षे परिचारिका होते. रंग आणि जाडी यांच्याआधी डांबरगोळ्यांचा विचार करावा, अशी कळकळीची विनंती आहे.

डांबरगोळी म्हणजे नॅफ्थलीन. काही बाळांमध्ये जन्मतःच जी-सिक्स-पी-डी नावाच्या विकराची कमतरता असते आणि जन्माच्या वेळी ती बाहेरून दिसत नाही. अशा बाळाच्या अंगाशी नॅफ्थलीनचा वास असलेले कपडे किंवा पांघरूण आले, तर रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात, कावीळ झपाट्याने वाढते आणि ती मेंदूपर्यंत पोहोचण्याचा धोका असतो. हा विकार मुलग्यांमध्ये अधिक आढळतो. आपल्याकडे पारशी, सिंधी आणि काही आदिवासी समाजांत त्याचे प्रमाण जास्त आहे, पण तो इतर कोणत्याही घरात असू शकतो. शिवाय नॅफ्थलीन तेलात विरघळते. त्यामुळे ज्या बाळाला रोज तेल लावून मालिश होते, त्याच्या त्वचेतून ते अधिक शोषले जाण्याची शक्यता असते. आजीच्या ट्रंकेतले दुपटे काढून लगेच बाळाला गुंडाळण्याची आपली प्रेमळ पद्धत याच कारणाने मला कधी आवडली नाही.

उपाय अवघड नाही, पण त्याला वेळ द्यावा लागतो. नॅफ्थलीन हवेत उडून जाते. गुंडे तसेच ठेवले तर आतल्या थरांत वास दडून राहतो, म्हणून प्रत्येक गुंडा सोडून त्याची सैल लडी करावी, चार ठिकाणी सुती दोऱ्याने बांधावी आणि वारा खेळेल अशा सावलीत दोन-तीन आठवडे टांगून ठेवावी. त्यानंतर धुवावी. कपडा विणून झाल्यावर पुन्हा धुवावा आणि बंद डब्यात एक रात्र ठेवून दुसऱ्या दिवशी झाकण उघडून वास घ्यावा. किंचितही वास आला, तर तो कपडा बाळासाठी नाही. यापुढे ट्रंकेत वेखंड किंवा कडुनिंबाचा वाळलेला पाला ठेवावा. त्याने कसर पूर्ण थांबत नाही, पण अपायही होत नाही.

जुनी_लडी (५ नोव्हेंबर, सायंकाळी ६.३०)

वरच्या प्रतिसादाला पूर्ण अनुमोदन. कसरीबद्दल थोडी भर घालते. पतंग स्वतः लोकर खात नाही, त्याची अळी खाते, आणि ती खऱ्या लोकरीवरच जगते. लडी करताना धागा दर वीतभरावर आपोआप तुटू लागला, तर तो गुंडा कुरतडलेला आहे असे समजावे. अंडी शिल्लक असण्याची शंका असेल, तर लोकर कोरडी करून हवाबंद पिशवीत घालावी आणि बर्फाच्या कप्प्यात दोन आठवडे ठेवावी. आमच्याकडे सासूबाईंनी मटाराच्या पिशव्यांशेजारी लोकर पाहून जे उद्गार काढले, ते इथे लिहीत नाही.

धुण्याबाबत: रिठ्याचे कोमट पाणी उत्तम. कपडे धुण्याचा साबण क्षारयुक्त असतो. तो, उष्णता आणि चोळणे एकत्र आले की लोकरीच्या तंतूंवरचे खवले एकमेकांत अडकतात आणि तिचा नमदा होतो, म्हणजे ती आटून घट्ट गोळा होते. हल्ली यंत्रात धुता येणारी लोकर मिळते, पण तिच्यावर तशी प्रक्रिया केलेली असते. तुमच्या आत्यांच्या काळातल्या लोकरीवर ती झालेली असेल, असे धरून चालू नये. भिजवलेल्या लडीवर पांढरा ओला रुमाल दाबून रंग उतरतो का तेही पाहावे. बाळ बाही चोखणारच.

टाकेमोजणी (६ नोव्हेंबर, सकाळी ११.२०)

आता हिशेब. चार पदरी लोकर आणि दहा नंबरची सुई, म्हणजे सव्वातीन मिलिमीटरची, घेतली तर मध्यम हाताने १० सेंटिमीटरमध्ये साधारण २८ टाके आणि ३६ ओळी येतात. पूर्ण दिवसांच्या बाळाच्या डोक्याचा घेर ३५ सेंटिमीटरच्या आसपास असतो. टोपी त्याहून तीन-चार सेंटिमीटर कमी हवी, कारण वीण ताणली जाते. म्हणून ८८ टाके घालावेत. त्यांना २० ते २५ ग्रॅम लोकर पुरते. पायमोज्यांच्या जोडीला १५ ग्रॅम धरावेत. लहान स्वेटरला १०० ग्रॅमच्या आसपास लागतात. म्हणजे तुमच्या १४० ग्रॅम पांढऱ्या लोकरीत ती अर्धवट पाठ धरून एक स्वेटर नक्की होईल आणि टोपीपुरती उरेलही.

छोट्या गुंड्यांचा खरा प्रश्न असा की, धागा ओळीच्या मध्येच संपतो. त्यासाठी माझी जुनी युक्ती सांगते. उरलेला धागा दुमडून बरोबर मध्यावर एक सैल सरकगाठ मारावी आणि दोन ओळी विणाव्यात. गाठ येण्याआधी दोन ओळी पूर्ण झाल्या, तर आणखी दोन ओळींपुरता धागा आहे. गाठ आधी आली, तर या दोन ओळींनंतर रंग बदलावा. टाके बंद करण्यासाठी मात्र कपड्याच्या रुंदीच्या चौपट धागा राखून ठेवावा. मी एकदा तिपटीवर भागवायला गेले आणि शेवटचे नऊ टाके शिवणीच्या दोऱ्याने बंद केले. ती टोपी आजही माझ्याकडेच आहे.

पट्ट्यांची रुंदी सारखी ठेवण्याचा आग्रह सोडावा. दोन ओळी मोरपंखी, पाच पांढऱ्या, तीन पिवळ्या, अशी विषम मांडणी केली की लोकर कमी पडली म्हणून रंग बदलला, हे कोणाला कळत नाही.

मिनेसोटाकर (६ नोव्हेंबर, रात्री ११.५०)

बाळाच्या कपड्यात गाठी नकोत. खऱ्या लोकरीची दोन टोके थोडी उलगडून एकमेकांवर ठेवावीत, ओली करावीत आणि तळहातांत जोराने चोळावीत. ती एकजीव होतात. जुनी_लडी यांनी ज्या नमद्याची भीती घातली, तोच इथे उपयोगी पडतो. इकडे हे काम थुंकी लावून करतात, पण बाळासाठी पाणी पुरते. ॲक्रिलिकवर हा उपाय चालत नाही. तिथे टोके सुईत ओवून उलट बाजूने टाक्यांमधून पाच-सहा सेंटिमीटर फिरवून घ्यावीत.

रात्रपाळी (७ नोव्हेंबर, सकाळी ८.३०)

रंगीत नमुन्याचा विषय निघेल म्हणून आधीच लिहिते. दोन रंग एका ओळीत खेळवले की आतल्या बाजूला धाग्याचे मोकळे पूल पडतात. हातमोज्यात आणि पायमोज्यात ते नकोत. बाळाचे बोट त्यात अडकते, धागा आवळला जातो आणि बाळ का रडते आहे ते कोणाला कळत नाही. बोट सुजून निळे पडलेले बाळ मी पाहिले आहे. तसेच गळ्याशी नाडी किंवा रिबीन बांधू नये. मागच्या खांद्यावर दोन चपटी बटणे लावावीत आणि ती पक्की शिवावीत.

गोदाकाठ (९ नोव्हेंबर, रात्री १०.१०)

सर्वांचे मनापासून आभार. तेवीस गुंड्यांपैकी चौदा खऱ्या लोकरीचे निघाले, सात ॲक्रिलिकचे आणि दोन मिश्र. दोन गुंडे कसरीने गेलेले होते. उरलेल्या लोकरीच्या लड्या सध्या मागच्या गॅलरीत टांगल्या आहेत आणि शेजारचे लोक रंगाचा कारखाना काढला का, म्हणून विचारत आहेत. खाकी लोकर खरी आहे, पण हाताला टोचते.

अर्धवट पाठ आज नीट मोजली. आत्याच्या हाताचे १० सेंटिमीटरमध्ये ३१ टाके येतात. त्याच पांढऱ्या लोकरीवर आणि तिच्याच दहा नंबरच्या सुयांवर मी नमुना विणून पाहिला, तर माझे २७ आले. तिचा हात घट्ट होता, माझा सैल आहे. लहानपणी ती माझे विणकाम पाहून “यातून वारा जाईल” असे म्हणायची, त्याची आठवण झाली. पाठ पुढे विणली तर मुंढ्यापासून वर ती पसरट दिसेल. म्हणून उसवावी असे वाटू लागले आहे, पण हात होत नाही.

जुनी_लडी (१० नोव्हेंबर, सकाळी ९.००)

उसवावी. हे कठोर वाटेल, पण लोकर उसवण्यासाठीच असते. तुमच्या आत्यांनी स्वतः किती स्वेटर उसवून पुन्हा विणले असतील, ते आठवून पाहा. त्या पिढीत एकच लोकर मोठ्या भावाच्या अंगावरून उतरून धाकट्या बहिणीच्या अंगावर वेगळ्या नमुन्याने चढत असे. उसवलेली लोकर कुरळी होते, तेव्हा लडी ओली करून खाली हलके वजन बांधून वाळवली की सरळ होते. एकाच हाताने विणलेला कपडा निर्दोष बसतो. बाळाला आठवणींशी कर्तव्य नसते, त्याला नीट बसणारा स्वेटर हवा असतो.

ग्वाल्हेरकर (१० नोव्हेंबर, दुपारी १२.४५)

पूर्णपणे असहमत. ज्यांनी उसवून पुन्हा विणले, त्यांनी वापरून झालेला कपडा उसवला होता. हा कपडा अजून कोणी अंगात घातलेला नाही, त्यामुळे तो दृष्टान्त इथे लागू होत नाही. शिवाय एवढ्या वर्षांच्या घडीतली लोकर उसवताना तुटण्याची शक्यता अधिक आहे.

टाकेमोजणी (१० नोव्हेंबर, दुपारी ३.३०)

दोघांच्याही भावना समजतात, पण हा प्रश्न मोजपट्टीने सुटतो. ६२ टाके आणि १० सेंटिमीटरला ३१ टाके, म्हणजे पाठ बरोबर २० सेंटिमीटर रुंद आहे. पुढचे दोन भाग बटणपट्टी धरून २४ सेंटिमीटर केले, तर घेर ४४ होतो. नवजात बाळाची छाती ३३ सेंटिमीटरच्या आसपास असते, म्हणजे स्वेटर दोन-तीन महिने आरामात होईल. पुढचे भाग आणि बाह्या तुम्ही तुमच्या हाताने, तुमच्या टाक्यांच्या हिशेबाने वेगळ्या विणा. दोन हातांमधला फरक शिवणीवर येईल आणि तिथे तो कोणाला दिसत नाही.

उरतो तो मुंढ्यापासून खांद्यापर्यंतचा पाठीचा तुकडा. तेवढ्यासाठी सुई बारीक करा. दहाऐवजी बारा नंबर, म्हणजे पावणेतीन मिलिमीटरची घेतली, तर तुमच्या हाताचे २७ टाके २९-३० पर्यंत जातील. एक टाक्याचा फरक पहिल्या धुण्यात मावळतो. आणि मुंढ्यापाशी दोन्ही बाजूंनी टाके कमी होतातच, त्यामुळे वीण बदलल्याची रेघ नेमकी त्या ओळीत पडेल, जिथे डोळा तशीही रेघ अपेक्षितो.

एक खबरदारी घ्या. वर्षानुवर्षे सुईवर राहिलेली ओळ ताणलेली असते आणि धातूच्या सुईचा करडा डाग तिला लागलेला असतो. तेव्हा वरच्या दोनच ओळी उसवा आणि तिथून पुढे चला.

जुनी_लडी (१० नोव्हेंबर, सायंकाळी ५.१०)

दोन ओळी उसवायला मी तयार आहे. तह मंजूर.

ग्वाल्हेरकर (१० नोव्हेंबर, सायंकाळी ५.४०)

मलाही. उसवण्यापूर्वी धागा कोणत्या सुईकडून लोंबतो आहे ते पाहून घ्यावे. काम ओळीच्या मध्येच थांबले असेल, तर धागा ज्या सुईवरच्या शेवटच्या टाक्यातून निघतो ती उजव्या हातात धरावी, नाहीतर वीण उलटी फिरते.

गोदाकाठ (२ जानेवारी, रात्री ८.२५)

बऱ्याच दिवसांनी लिहीत आहे. मार्गशीर्ष संपण्याआधीच बाळ आले, मुलगी आहे, आणि दोघी सुखरूप आहेत. बाळ येण्याआधी त्याचे कपडे घरात आणून ठेवू नयेत, असे भाचीच्या सासूबाईंचे मत होते, त्यामुळे सगळे काम माझ्याच घरी झाले आणि बारशाला नेले. तोवर बाळ शेजाऱ्यांकडून आलेल्या जुन्या, मऊ झालेल्या दुपट्यांत आणि झबल्यांत होते.

पाठ टाकेमोजणी यांनी सांगितले तशीच पूर्ण केली. काम खरोखरच ओळीच्या मध्ये थांबलेले होते; एका सुईवर ४१ टाके होते आणि दुसरीवर २१. बारा नंबरच्या सुईवर माझे २९ टाके आले. मुंढ्यापाशी बारीक रेघ दिसते, पण ती मला ठाऊक आहे म्हणून दिसते. पुढचे भाग आणि बाह्या पांढऱ्या रंगात, मनगटाशी मोरपंखीच्या तीन ओळी. दोन टोप्या, एक पांढरी आणि एक पोपटी-पिवळी. मोरपंखी आणि तपकिरी यांतून पायमोज्यांच्या तीन जोड्या झाल्या. डब्याची परीक्षा दोनदा घेतली. एक पिवळी टोपी नापास झाली. ती पुन्हा धुऊन आठवडाभर टांगली, तेव्हा वास गेला.

खाकी लोकर बाळाच्या अंगाशी लावण्यासारखी नव्हती. तिचे बाळंतिणीच्या शेकायच्या रबरी पिशवीला आवरण विणले. त्याला खरखरीत असण्याचा उपद्रव होत नाही आणि पिशवी हातातून निसटत नाही.

आता नवी अडचण. बाळाचे डोके ३६ सेंटिमीटर भरले आणि टोपी उत्तम बसली, पण पायमोजे दहा मिनिटेही पायांत राहत नाहीत. रात्रपाळी यांनी नाडीला मनाई केल्यामुळे मी ती घातलेली नाही. काय करावे?

टाकेमोजणी (२ जानेवारी, रात्री ९.०५)

घोट्यावरची पट्टी किती लांब आहे?

गोदाकाठ (२ जानेवारी, रात्री ९.१५)

दोन सेंटिमीटर. एक सुलट, एक उलट अशी.

टाकेमोजणी (२ जानेवारी, रात्री ९.३०)

ती पाच सेंटिमीटर हवी. वरून बंद केलेली कड सोडवून टाके पुन्हा सुईवर घ्या आणि दोन नंबर बारीक सुईवर, म्हणजे बारा नंबरवर, तशीच पट्टी पोटरीच्या फुगवट्यापर्यंत वाढवा. बाळाचा पाय घोट्यापाशी निमुळता नसतो, त्यामुळे मोजा घोट्यावर अडकत नाही. तो पोटरीच्या वर गेला तरच टिकतो. टाके बंद करताना दहा नंबरची सुई घ्या, नाहीतर कड आवळेल. तीन जोड्यांना मिळून दहा-बारा ग्रॅम लागतील. तपकिरी उरली आहे ना?

गोदाकाठ (२ जानेवारी, रात्री ९.४०)

तपकिरी सात ग्रॅम आहे आणि पोपटी नऊ. सकाळी पहिल्या जोडीची कड सोडवते.